तळव्यांचं म्हणणं

सर्फबोर्ड वाळूत आडवा टाकून ती मुलगी त्याच्या कडेवर बसली होती आणि पायाची बोटं मुठीत धरून चोळत होती. ओठांचा रंग पार उतरलेला. शेजारी तिचे पाण्यात घालायचे बूट पडले होते, दोन मिलिमीटर जाडीचे, अंगठ्याला वेगळा कप्पा असलेले, वापरून वापरून करडे पडलेले. तिची मोठी बहीण मागून आली, काही न बोलता स्वतःचे जाड, गोल नाकाचे बूट काढले आणि तिच्यापुढे ठेवले. मापं जवळपास एकच असावीत. मुलीने ते चढवले, पाण्यात गेली, दोन लाटा सोडून दिल्या, तिसरीवर उभी राहिली आणि उभी राहता राहता कलंडली. मग आणखी एकदा तसंच. परत येऊन बूट बहिणीच्या हातात देत म्हणाली, "ताई, ऊब आहे गं, पण यात मला काहीच कळत नाही." आणि तेच आपले गारढोण, ओले, पातळ बूट दात वाजवत पुन्हा पायात ओढून निघून गेली.

माझा त्या दोघींशी काही संबंध नव्हता. मी जरा लांब, टॉवेल गुंडाळून चहाच्या थर्मासचं झाकण उघडण्याच्या खटपटीत होते. पण ते वाक्य कानात राहिलं आणि नंतर बरेच दिवस टोचत राहिलं, कारण पाण्यातले बूट म्हणजे थंडीवरचा इलाज, यापलीकडे मी कधी विचारच केलेला नव्हता. दुकानात मांडणीवर ते सगळे एकाच मुशीतले दिसतात. काळे, मऊ, रबराचा वास मारणारे. त्यावर आकडा असतो, दोन, तीन, पाच, सात मिलिमीटर, आणि आपण विचारतो एवढंच की पाणी किती गार असेल. २४ अंशांच्या वर असेल तर उबेचा प्रश्नच नाही, बूट घालायचे ते खडकांपायी. १८-२०च्या आसपास तीन मिलिमीटर पुरतात. १२ ते १५ला पाच लागतात. आणि १० अंशांच्या खाली सातशिवाय धडगत नाही. हा ढोबळ हिशेब चुकीचा नाही. ज्याला मुळातच पाय गार पडण्याची खोड आहे त्याने एक पायरी वर जावं, एवढं त्यात जोडलं की दुकानदाराचं काम संपतं. पण त्या मुलीला दुकानदाराचं गणित लागू पडत नव्हतं. तिला थंडी वाजत होती हे तिलाही ठाऊक होतं, आणि तरी तिने ऊब नाकारली.

पाय सगळ्यात आधी का गारठतात, याचं उत्तर शरीराच्या रोकठोक हिशेबात आहे. गार पाणी लागलं की रक्तवाहिन्या आकसतात, रक्त मधल्या भागाकडे वळतं, आणि हातापायांच्या बोटांना सांगितलं जातं की तुमचं तुम्ही बघा. त्यात पाऊल म्हणजे हाडं, कंडरा आणि कातडी. स्वतःची उष्णता तयार करायला लागणारं मांस तिथे फारसं नाहीच. आणि पाणी हवेच्या जवळपास पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. १९५१-५२च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने नौदलाच्या पाण्याखाली उतरणाऱ्या सैनिकांसाठी या प्रश्नाचा विचार केला तेव्हा त्याने एक फार सरळ गोष्ट ओळखली: अंग कोरडं ठेवायची धडपड सोडून द्या, ओलं होऊ द्या, फक्त कापडातच वायूचे बुडबुडे कोंडा. ऊब त्या बुडबुड्यांत असते. विलर्ड बॅस्कम या सहकाऱ्याने त्यासाठी फेसाळ निओप्रीन सुचवलं. हे रबर ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत १९३०मध्ये, वॉलेस कॅरोदर्सच्या गटात जन्मलेलं; तेव्हा त्याचं कौतुक होतं ते तेलाने खराब होत नाही म्हणून. पाण्यात उतरणाऱ्यांचा त्या वेळी कुणाच्या डोक्यात विचारही नसेल.

लोक अजून सांगतात की वेटसूटमध्ये, म्हणजे पाण्यात घालायच्या निओप्रीनच्या पोशाखात, शिरलेलं पाणी अंगाने तापतं आणि तेच आपल्याला उबदार ठेवतं. हे अर्धंच खरं आहे. पाणी तापतं ते आपल्याच खर्चाने, आणि ते जागेवर थांबलं तरच त्या खर्चाचा उपयोग. सैल बुटात ते थांबत नाही. प्रत्येक पावलाला टाचेखालून पचकन बाहेर जातं, नवं गार पाणी आत येतं, आणि आपण समुद्र तापवत बसतो. म्हणून बूट घट्ट हवा, असं म्हणून लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि एक माप लहान घेतात. मग चवड्यावर दाब येतो, रक्त आधीच आखडतं झालेलं, ते आणखी अडतं, आणि सात मिलिमीटरच्या महागड्या बुटात बोटं पांढरीफटक पडतात. मोरीस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२मध्ये ज्या विकाराचं वर्णन केलं, ज्यात थंडी लागताच बोटांतलं रक्त गायब होतं, तो ज्यांना आहे त्यांनी तर घट्ट बुटाच्या वाटेलाच जाऊ नये. मला विचाराल तर बुटाची खरी परीक्षा उभं राहूनच होते. अंगठ्याचं टोक पुढे हलकेच टेकायला हवं, पण पाचही बोटं आत वर-खाली करता यायला हवीत. गुडघे वाकवून पुढे झुकलं तर टाच वर सरकता कामा नये. आणि पावलाच्या कमानीखाली पोकळी राहायला नको, कारण पाणी साठतं ते तिथेच. निओप्रीन वापराने थोडं सैलावतं. दुकानात ऐसपैस वाटणारा बूट महिन्याभरात पिशवी होतो.

हे सगळं झालं उबेचं. त्या मुलीचं म्हणणं वेगळंच होतं.

तळपाय हा शरीरातल्या फार जाणत्या भागांपैकी एक आहे. त्याच्या कातडीत दाब, कंप, घसरण ओळखणारी टोकं दाटीवाटीने बसलेली आहेत, आणि आपण उभे असतो तेव्हा तोल सांभाळण्याची बरीचशी बातमी तिथूनच वर जाते. सर्फर बोर्डवर उभा असतो तेव्हा त्याची नजर पुढच्या लाटेवर असते. बोर्डाची कड पाण्यात किती बुडाली, मागचा पाय योग्य जागी पडला की चार बोटं पुढे, हे त्याला डोळ्यांनी दिसत नाही, तळव्याने कळतं. पाच मिलिमीटरचा फेस आणि त्याखाली जाड सोल घातला की ही बातमी उशिरा येते, किंवा धूसर येते. आणखी एक भानगड असते: पाय बुटाच्या आतच फिरतो. बूट बोर्डाला चिकटून, पाऊल मात्र आत अर्धा इंच सरकलेलं. अंगठ्याचा वेगळा कप्पा असतो तो यासाठी. पावलाला बुटाच्या आत खुंटी मिळते. जपानी कामगारांची दुभंगलेल्या नाकाची ताबी पादत्राणं याच जातीची. १९५१मध्ये शिगेकी तानाका बोस्टन मॅरेथॉन जिंकला तेव्हा त्याच्या पायात असेच अंगठा सुटा असलेले बूट होते. योगायोग असा की ब्रॅडनरचं डोकं वेटसूटवर चाललं होतं ते जवळपास त्याच वर्षी. सुट्या अंगठ्याची किंमतही आहे, पण ती उबेत मोजायची. बोटं एकमेकांना चिकटून राहिली की एकमेकांना ऊब देतात, अंगठा वेगळा काढला की त्याला चारही बाजूंनी थंडी. म्हणून फार गार पाण्यात मुरलेले सर्फरसुद्धा गोल नाकाकडे वळतात, आणि काही उत्पादक मधला मार्ग काढतात: बाहेरून गोल, आतून दुभंगलेला. मला तो प्रकार आवडतो, पण त्या मुलीने तोही नाकारला असता असं का कोण जाणे वाटतं.

डायव्हिंगमध्ये मात्र हे सगळं उलटं होतं. तिथे पाय काही वाचत नाही, तिथे तो इंजिन आहे. टाचेला पट्टा असलेले फिन्स, म्हणजे पायात घालायचे पोहण्याचे पंखे, घालायचे तर बूट लागतातच, आणि तो बूट जाड, टणक सोलचा, घोट्याच्या वर येणारा, बाजूला चेन असलेला असला तरी बिघडत नाही. उलट पाठीवर सिलिंडर घेऊन ओल्या खडकांवरून चालत जायचं असेल तर तोच हवा. त्याच्या टाचेवर एक उंचवटा असतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो नक्षीचा भाग वाटला होता. फिनचा पट्टा खाली घसरू नये म्हणून ती कड असते. बूट आणि फिन्स वेगवेगळ्या दिवशी घेणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. पाच मिलिमीटरच्या बुटाला बसणारा फिन सातच्या बुटाला बसत नाही, आणि बसवलाच तर पावलाच्या दोन्ही बाजूंनी असा आवळतो की वीस मिनिटांत पोटरीला गोळा येतो. बरं, वरती नीट बसलेलं सगळं खालीही तसंच राहील असं नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे दबतात, बूट पातळ होतो. म्हणजे ऊब नेमकी कमी होते ती पाणी जास्त गार असतं तिथे, आणि शिवाय पट्टा ढिला पडतो. हल्ली बरेच जण स्प्रिंगचे पट्टे लावतात. ते बूट दबला की आपोआप आवळतात. फ्रीडायव्हिंगवाले, म्हणजे सिलिंडरशिवाय एका श्वासावर खोल जाणारे, या भानगडीतच पडत नाहीत. त्यांचे लांब फिन्स पावलाला मोज्यासारखे बसलेले असावे लागतात, तेव्हा आत दीड-दोन-तीन मिलिमीटरचा निओप्रीनचा मोजा, सोल नाहीच. त्यांना त्या मोज्यावर किनाऱ्यावरून चालताना पाहावं. इतक्या खोल जाऊन आलेली माणसं शिंपल्यांवरून कशी टुणटुणत येतात.

पाय इंजिन असेल, डोळा असेल, तर शिडाच्या छोट्या बोटीत तो अडकवायचा आकडा असतो. वारा वाढला की बोट एका बाजूला कलते आणि खलाशी पट्ट्याखाली पावलं अडकवून अख्खं अंग पाण्यावर बाहेर झोकून देतो. त्या क्षणी त्याचं सगळं वजन पावलाच्या वरच्या बाजूवर, बुटाच्या नाड्या असतात नेमक्या त्या जागेवर, लटकलेलं असतं. मऊ सर्फिंगचा बूट घालून असं अर्धा तास लटकलेल्या माणसाच्या पावलावरचा वळ मी जवळून पाहिला आहे: दोन बोटं रुंद, जांभळा, आणि पट्ट्याची वीण मोजता येईल इतका स्पष्ट उठलेला. म्हणून या बुटांना वरती रबराची गादी असते, आणि नाड्या असल्याच तर त्या झाकलेल्या, कारण छोट्या बोटीत सगळीकडे दोर पडलेले असतात आणि उघडी नाडी दोराला अडकायचा मुहूर्त नेमका बोट वळवतानाच साधते.

कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीत, अडकण्याची भीती जास्त खरी आहे. नदीत फिरवायच्या बुटक्या कयाकच्या पोटात पाय ठेवायला जागाच बेताची. टाचा आत, चवडे बाहेर फेकलेले, पावलं पुढच्या टेकूंवर रोवलेली. तिथे जाडजूड सोलचा बूट घालून बसलात तर बसताना कळत नाही. कळतं ते बोट उलटल्यावर, पाण्याखाली डोकं असताना, बाहेर निघायचं असतं तेव्हा. दुकानात नुसता बूट घालून भागत नाही, बूट घालून त्या कयाकमध्येच बसून बघायला हवं, आणि डोळे मिटून बाहेर निघूनही. पण गंमत पाहा, त्याच माणसाला धबधबा टाळायला बोट खांद्यावर घेऊन शेवाळलेल्या गोट्यांवरून चालत जायचं असतं, आणि तिथे त्याला पातळ मोजा घातल्याचा पश्चात्ताप होतो. नदीवरच्या लोकांशी बोललं की प्रत्येकाची तडजोड वेगळी निघते. मला वाटतं सगळ्या पाण्याच्या खेळांत बुटाचा सगळ्यात अवघड प्रश्न हाच. समुद्रातल्या लांब कयाकमध्ये जागा भरपूर, तिथे गुडघ्यापर्यंतचे बूट घालून खुशाल बसा. आणि पोहणाऱ्यांचं तर विचारूच नका. बूट तरंगतो, पाय वर उचलतो, लाथेची लय बिघडवतो. इंग्लिश खाडी पोहण्याच्या जुन्या नियमांनी निओप्रीनला दारच बंद केलं आहे: पोहण्याचा पोशाख, टोपी, गॉगल, बास. मॅथ्यू वेब १८७५मध्ये ती पहिल्यांदा पोहून गेला तेव्हा निओप्रीन नव्हतंच.

बूट घातले की माणूस बेफिकीर होतो, हे मात्र मला खुपतं. अनवाणी माणूस पाण्यात शिरताना प्रत्येक पाऊल विचारून टाकतो. अंगठा पुढे, जरा थांब, मग वजन. बूटवाला धाड-धाड चालतो. प्रवाळावरही. पाच मिलिमीटरच्या सोलखाली काय मोडलं हे त्याला कळत नाही, आणि प्रवाळाची फांदी वर्षाला काही सेंटिमीटर वाढते याचं त्याला सोयरसुतक नसतं. शिवाय ज्या भरवशावर हे चाललेलं असतं तो भरवसाही पोकळच. निओप्रीन खरचटणं अडवतं. समुद्री साळिंदराचा काटा किंवा पाकट माशाच्या शेपटीचा काटा त्यातून लोण्यातून जावा तसा जातो. पाकटं असलेल्या वाळूत पाय उचलून न टाकता घासत-घासत पुढे सरकायचं, म्हणजे ते आधीच सावध होऊन निघून जातं. ही युक्ती बूट घातला तरी सोडायची नसते. आणि काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. उष्णतेने काट्यातलं विष निकामी होत जातं.

तर मग अनवाणीच बरं का? तसंही म्हणवत नाही. गार पाण्यात बधिर झालेला तळवाही काही सांगत नाही. पातळ बुटात पहिली वीस मिनिटं सगळं कळतं, पुढची वीस थोडं कळतं आणि मग पाय म्हणजे गुडघ्याखाली लावलेलं लाकूड. त्या मुलीकडे पुरता तासभर नव्हताच. तिने तिच्यापुरता सौदा केला होता, आणि बहिणीला तो पटला नव्हता. मला दोघींचंही पटत होतं. गार पाण्यातले मुरलेले लोक पाण्यात शिरण्याआधी बुटात थर्मासमधलं कोमट पाणी ओततात. बूट सहज चढतो आणि आत शिरणाऱ्या पहिल्या लाटेचा दंश कमी होतो. सूटची नळी बुटाच्या आत खोचायची की बाहेर ठेवायची यावर वाद घालणारे भेटतील. सर्फिंगमध्ये बाहेरच. आत खोचली की पडताक्षणी पायातून पाणी ओतलं जातं आणि बूट बादली होतो.

वासाबद्दल लिहायला नको, पण लिहिते. भाड्याने मिळणाऱ्या बुटात पाय घालताना आतलं अस्तर ओलं आणि किंचित बुळबुळीत लागतं, आणि आपल्या आधी इथे कुणाकुणाचे पाय राहून गेले याचा विचार मनात येतो तो येतोच. स्वतःचे बूट घ्यायला एवढं कारण मला पुरेसं वाटतं. गोड्या पाण्यात धुवावेत, आतूनही, आणि सावलीत उलटे टांगावेत. उन्हाने निओप्रीन कडक होऊन भेगाळतं, चिकटवलेल्या शिवणी सुटतात. एका नदीतून दुसऱ्या नदीत जाणाऱ्यांनी तर पूर्ण वाळवल्याशिवाय नेऊच नयेत. शेवाळाचे, रोगांचे सूक्ष्म प्रवासी ओल्या तळव्यांतून जातात. न्यूझीलंडने २००८मध्ये मासेमारीच्या बुटांना असलेल्या नमद्याच्या तळांवर बंदी आणली ती यामुळेच; नमदा खडकावर धरतो उत्तम, पण वाळता वाळत नाही.

आणि बूट फाटले की लगेच नवे घ्यावेत का, इथे माझा हात आखडतो. निओप्रीन ज्या क्लोरोप्रीनपासून बनतं त्याला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१०मध्ये कर्करोगाचा संभव असलेल्या रसायनांत घातलं, आणि लुइझियानातल्या कारखान्याच्या शेजाऱ्यांनी त्यापायी वर्षानुवर्षं भांडण केलं. चुनखडीपासून केलेलं निओप्रीन म्हणून जे विकतात ते वाटेत क्लोरोप्रीनच होऊन येतं, त्याने फार हुरळू नये. रबराच्या झाडाच्या चिकापासून केलेला फेस आता मिळतो, तो जरा बरा पर्याय. तळाची कड सुटली असेल तर निओप्रीनचा डिंक लावून रात्रभर दाबून ठेवला तरी एक मोसम सहज निघतो.

एका मैत्रिणीने मध्यंतरी विचारलं, मला सगळं थोडं-थोडं करायचंय, एकच जोड सांग. मी आधी म्हणाले की असा जोड नसतो. मग तिचा चेहरा पाहून म्हणाले, तीन मिलिमीटर, घोट्याच्या वर येणारा, चेनऐवजी पट्ट्याचा, सोल वाकवला तर मधोमध दुमडणारा पण नखाने न दबणारा. याने कयाक चालेल, पॅडलबोर्ड चालेल, उन्हाळ्यातलं स्नॉर्केलिंग चालेल. फिन्स घ्यायचे ठरलं तर हा बूट पायात घालूनच दुकानात जा. सर्फिंग याच्यात शिकू नकोस. ते पाणी सोसवेल अशा दिवसांत अनवाणीच शिक, आणि थंडी असह्य झाली की मग त्याचा वेगळा जोड घे. ती म्हणाली, म्हणजे दोन जोड झाले की. झालेच.